लुई पाश्चर : दोन लेकी टायफॉइडने गमावलेल्या शास्त्रज्ञाकडून पालकांनी काय घ्यावे?

जून महिन्यात शाळा आणि पाऊस जवळजवळ एकाच वेळी सुरू होतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच दवाखान्यांत शाळकरी मुलांची गर्दी वाढते. कुणाला सर्दी-खोकला, कुणाला जुलाब, कुणाचे डोळे आलेले, तर कुणाला आठ दिवस झाले तरी न उतरणारा ताप. दर पावसाळ्यात हे असे का होते आणि ते टाळता येईल का, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न असतो.

या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याला देता येते, त्यामागे लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाचे मोठे काम आहे. दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला आहे. पण पाश्चर यांच्या पाच मुलांपैकी तीन लहानपणीच गेली, आणि त्यांतल्या दोन मुली टायफॉइडने गेल्या, हे फार थोड्या लोकांना माहीत असते. एक नऊ वर्षांची होती, दुसरी बारा वर्षांची. म्हणजे आपल्याकडच्या चौथीतली आणि सातवीतली मुलगी समजा.

म्हणून त्यांची गोष्ट आज शास्त्रज्ञाची म्हणून वाचू नका, एका बापाची म्हणून वाचा. आजार टाळण्यासाठी घरात काय करायचे ते तिच्यातून नीट कळते.

चामडे कमावणाऱ्याचा मुलगा

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील चामडे कमावण्याचा धंदा करत. त्याआधी ते नेपोलियनच्या सैन्यात होते. लुई लहान असतानाच कुटुंब जवळच्या आर्ब्वा गावी राहायला गेले. शाळेत लुई काही फार चमकणारा विद्यार्थी नव्हता. त्याला चित्रकलेची आवड होती आणि त्याने काढलेली आई-वडिलांची चित्रे आजही पाहायला मिळतात.

शिकण्यासाठी त्याला पॅरिसला पाठवले, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलाला घरची इतकी आठवण येऊ लागली की वडील जाऊन त्याला परत घेऊन आले. काही वर्षांनी तो पुन्हा पॅरिसला गेला आणि या वेळी टिकला. १८४३ मध्ये त्याला तिथल्या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला. पुढे रसायनशास्त्र हा त्याचा विषय झाला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पाश्चर डॉक्टर नव्हते. वैद्यकाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. रोगांकडे ते वळले ते रसायनशास्त्राच्या वाटेने, आणि मद्य व व्हिनेगर बनवणाऱ्यांच्या अडचणी सोडवता सोडवता.

विरजण आणि जंतू

१८४९ मध्ये पाश्चर यांचे मारी लोराँ यांच्याशी लग्न झाले. मारीबाई नवऱ्याच्या कामात पूर्ण सहभागी असत. त्यांचे लिखाण उतरवून घेणे, नोंदी ठेवणे, प्रयोगांत मदत करणे हे सगळे त्या करत. १८५० मध्ये पहिली मुलगी झाली, झान. त्यानंतर मुलगा झाँ-बातिस्त, मग सेसिल, मारी-लुईझ आणि शेवटची कामिय.

१८५४ मध्ये पाश्चर लील शहरात प्राध्यापक म्हणून गेले. तिथे बीटाच्या रसापासून मद्यार्क बनवणारा एक कारखानदार त्यांच्याकडे आला. त्याच्या काही पिंपांत मद्यार्क तयार होत होता आणि काहींत रस आंबून वाया जात होता. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींची तपासणी केली. चांगल्या पिंपात गोल यीस्ट दिसले. बिघडलेल्या पिंपात वेगळ्याच, लांबट आकाराचे सूक्ष्म जीव होते.

आपल्या घरातले उदाहरण घ्या. कोमट दुधाला चांगले विरजण लावले की दही लागते. तेच दूध उन्हाळ्यात बाहेर राहिले की नासते. दोन्ही वेळा दुधात जंतूच वाढतात, पण जंतू वेगळे म्हणून परिणाम वेगळा. पाश्चर यांनी १८५७ मध्ये नेमके हेच मांडले. प्रत्येक आंबण्यामागे एक ठरावीक सूक्ष्म जीव असतो. मग त्यांना पुढचा प्रश्न पडला : प्रत्येक आजारामागेही असाच ठरावीक जीव असेल का?

झान

हा प्रश्न अजून प्रयोगशाळेतच होता. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये नऊ वर्षांची झान आर्ब्वाला आजोबांकडे होती. तिथे तिला टायफॉइड झाला आणि त्यातच ती गेली.

त्या काळात टायफॉइड का होतो हे कुणालाच ठाऊक नव्हते. बहुतेक डॉक्टर दुर्गंधी आणि कुजकी हवा यांना दोष देत. आजार अंगातच आपोआप निर्माण होतो असे मानणारेही पुष्कळ होते. टायफॉइडचा जंतू पहिल्यांदा ओळखला गेला तो १८८० मध्ये, म्हणजे झान गेल्यानंतर एकवीस वर्षांनी.

आज आपल्याला त्याचा सगळा प्रवास माहीत आहे. टायफॉइडचा जंतू फक्त माणसातच राहतो. रुग्णाच्या शौचावाटे तो बाहेर पडतो आणि दूषित पाणी, न धुतलेले हात किंवा उघडे अन्न यांमार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातो. आजाराची लक्षणे साधारण एक ते दोन आठवड्यांनी दिसतात, म्हणून पालकांना नेमके कुठे काय खाल्ले ते आठवत नाही. बरे झालेल्या काही लोकांच्या पोटात जंतू नंतरही महिनोन्महिने राहतो. त्यांना काहीच त्रास होत नाही, पण त्यांनी हात न धुता स्वयंपाक केला तर इतरांना लागण होऊ शकते.

हंसाच्या मानेचे चंबू

झानच्या मृत्यूनंतर पाश्चर कामात आणखी बुडाले. अन्न कुजते तेव्हा जीव आपोआप जन्मतात की बाहेरून येतात, यावर त्या वेळी मोठा वाद चालू होता. पाश्चर यांनी काचेचे चंबू घेतले, त्यांत पोषक रस भरला आणि चंबूची मान तापवून हंसाच्या मानेसारखी लांब, वाकडी केली. रस उकळला. हवा आत जात होती, पण धुळीचे कण वाकड्या मानेत अडकत होते. रस महिनोन्महिने स्वच्छ राहिला. चंबू तिरका करून रस त्या धुळीला लागू दिला की मात्र तो बिघडे.

१८६० मध्ये त्यांनी उकळून बंद केलेले चंबू वेगवेगळ्या ठिकाणी नेऊन क्षणभर उघडले आणि परत बंद केले. आर्ब्वाजवळच्या शेतशिवारात वीसपैकी आठ चंबू बिघडले. जवळच्या डोंगरावर पाच. आल्प्समधल्या हिमनदीजवळच्या मोकळ्या, स्वच्छ हवेत वीसपैकी फक्त एक.

यातून पालकांसाठी निघणारा अर्थ सोपा आहे. जंतू आपोआप होत नाही, तो कुठून तरी येतो. आणि तो येतो, म्हणजे त्याची येण्याची वाट असते. ती वाट सापडली की अडवता येते. शाळेतल्या साथी टाळण्याचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

सेसिल

१८६५ मध्ये सरकारने पाश्चर यांना दक्षिण फ्रान्समध्ये रेशमाच्या किड्यांवर आलेल्या रोगाचा शोध घ्यायला पाठवले. हजारो कुटुंबांचे पोट या धंद्यावर होते. ते हे काम करत असतानाच घरावर एकापाठोपाठ एक आघात झाले. जूनमध्ये वडील गेले. सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची कामिय गेली. मे १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल आईबरोबर पाश्चर यांच्याकडे यायला निघाली होती. वाटेत शांबेरी गावी तिला टायफॉइडने गाठले आणि तीही गेली.

पाश्चर यांनी काम थांबवले नाही. १८६८ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन त्यांची डावी बाजू अधू झाली, तरी त्यांनी शोध चालूच ठेवला. रेशमाच्या किड्यांचा एक रोग अंड्यांमधून पुढच्या पिढीत जातो, हे त्यांनी दाखवले. त्यावर उपायही सांगितला : मादी पतंगाने अंडी घातली की तिला पाण्यात कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, रोगाचे कण दिसले तर ती अंडी जाळून टाका. रेशीम उद्योगात ही तपासणी आजही होते. दुसऱ्या एका रोगात मात्र जंतूबरोबर परिस्थितीचाही वाटा होता. दाटीवाटीने ठेवलेले किडे, कोंदट जागा आणि खराब पाने असली की तो रोग झपाट्याने पसरे.

वर्गखोलीचेही तसेच आहे. पावसाची झड येते म्हणून सगळ्या खिडक्या बंद, एका बाकावर तीन मुले, आणि त्यांतला एक खोकतो आहे. अशा वर्गात फ्लू आणि सर्दी एका आठवड्यात फिरते. पाऊस थांबला की समोरासमोरच्या खिडक्या उघडणे, हे शाळेला एक पैसाही न घेता करता येते. पालकसभेत ही मागणी जरूर करा.

डॉक्टरांना हात धुवायला सांगणारा रसायनशास्त्रज्ञ

१८७३ मध्ये पाश्चर फ्रान्सच्या वैद्यक अकादमीचे सदस्य झाले. डॉक्टर नसलेला हा माणूस तिथल्या नामवंत डॉक्टरांना सांगू लागला की रुग्णाला तुमच्याच हातांनी आणि अवजारांनी संसर्ग होतो. १८७८ मध्ये त्यांनी शल्यचिकित्सकांसमोर स्पष्ट मांडणी केली : अवजारे स्वच्छ असावीत, हात काळजीपूर्वक धुवावेत, वापरायचे कापड आणि पाणी आधी तापवलेले असावे. पुढच्याच वर्षी बाळंतिणींच्या तापावर चर्चा चालू असताना त्यांनी उठून फळ्यावर साखळीसारख्या जंतूचे चित्र काढले आणि हा ताप त्याच्यामुळे येतो असे सांगितले. अनेकांना ते आवडले नाही. आपल्या हातांनी रोग पसरतो हे ऐकून घेणे कुणालाच सोपे नसते.

घरीही पाश्चर या बाबतीत अतिशय काटेकोर होते. लोकांशी हस्तांदोलन करणे ते टाळत. जेवायला बसले की ताट आणि पेला स्वतः पुसून घेत, पावाचा तुकडा मोडून नीट निरखत. घरच्यांना आणि पाहुण्यांना ते विचित्र वाटे. पण दोन मुली कशा गेल्या हे ठाऊक असलेल्या आपल्यासारख्या वाचकाला त्याचे नवल वाटणार नाही.

तुम्ही पावाचे तुकडे निरखायची गरज नाही. हात मात्र धुतलेच पाहिजेत. साबण लावून वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली घासून. शौचाहून आल्यावर, डबा खाण्याआधी आणि शाळेतून घरी आल्यावर या तीन वेळा पक्क्या ठरवा. सॅनिटायझर सोयीचा आहे, पण हात मळलेले असतील किंवा जुलाबाची साथ असेल तर साबण-पाण्याला पर्याय नाही. शाळेत नळाजवळ साबण असतो का, हे मुलाला विचारा. नसेल तर शिक्षकांना सांगा. दप्तरात साबणाची छोटी वडी किंवा कागदी साबण ठेवला तरी चालेल.

आजार होण्याआधीच तयारी

१८७९-८० मध्ये पाश्चर कोंबड्यांच्या एका जीवघेण्या रोगावर काम करत होते. जुने, कमजोर झालेले जंतू टोचले तर कोंबड्या मरत नाहीत, आणि नंतर ताजे जहाल जंतू टोचले तरी तगतात, हे त्यांच्या लक्षात आले. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये देवीवर लस शोधली होती, पण ती गायीच्या एका आजारावर आधारलेली होती. जंतू प्रयोगशाळेत कमजोर करून लस बनवता येते, हे पाश्चर यांनी दाखवले. १८८१ मध्ये पुई-ल-फोर या गावी त्यांनी सगळ्यांसमोर मेंढ्यांवर अँथ्रॅक्सच्या लशीचा प्रयोग केला. लस दिलेल्या मेंढ्या जगल्या, न दिलेल्या दोन-तीन दिवसांत मेल्या.

पाश्चर यांचे दोषही सांगितले पाहिजेत. ते हट्टी होते, वादात विरोधकाला सोडत नसत आणि श्रेय वाटून घ्यायला फारसे राजी नसत. त्यांच्या वह्या नंतर अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा पुई-ल-फोरची लस त्यांनी लोकांचा समज होता त्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने, त्यांच्या सहकाऱ्याच्या पद्धतीने बनवली होती असे दिसले. लस खरी होती, पण सांगण्यात पारदर्शकता नव्हती. आज लशींच्या चाचण्यांवर इतके नियम आहेत ते योग्यच आहे.

या कामाची किंमतही मोठी होती. १८८३ मध्ये इजिप्तमध्ये कॉलरा पसरला तेव्हा पाश्चर यांनी आपले तरुण सहकारी तिकडे पाठवले. त्यांतला लुई तुइये, अजून तिशीही न गाठलेला, तिथेच कॉलराने गेला.

६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला त्याची आई पॅरिसला घेऊन आली. दोन दिवसांपूर्वी पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. पाश्चर स्वतः डॉक्टर नसल्यामुळे डॉ. ग्रांशे यांनी सुया दिल्या. दहा-अकरा दिवसांत तेरा सुया झाल्या आणि जोसेफ वाचला. हा मुलगा झान गेली तेव्हा होती त्याच वयाचा होता.

कुत्रा चावण्याचा धोका वर्षभर असतो, म्हणून हेही सांगून ठेवतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, मिरची, चुना काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि लशीचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीज झाल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही.

पॅरिसहून परळपर्यंत

१८८८ मध्ये पॅरिसमध्ये पाश्चर संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिथे वाल्डेमार हाफकिन हे तरुण शास्त्रज्ञ काम करू लागले. त्यांनी कॉलराची लस तयार केली आणि ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या खोलीत त्यांनी प्लेगची लस बनवली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे.

पाश्चर हे पाहायला नव्हते. २८ सप्टेंबर १८९५ रोजी ते पॅरिसजवळ वारले. जागतिक रेबीज दिन म्हणून आज हीच तारीख पाळली जाते. त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. इंग्लंडमध्ये टायफॉइडची लस माणसाला पहिल्यांदा दिली गेली. आणि पॅरिसमध्ये फेर्नां विडाल यांनी टायफॉइडची रक्ततपासणी शोधली. हीच ती विडाल टेस्ट, जिचे रिपोर्ट आपल्याकडे घरोघरी असतात.

या टेस्टबद्दल दोन शब्द. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत विडाल करून उपयोग नसतो, कारण तेव्हा ती बहुधा निगेटिव्ह येते. पूर्वी झालेल्या आजारामुळे किंवा लशीमुळे ती उगाच पॉझिटिव्हही येऊ शकते. टायफॉइडची शंका असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करणे जास्त भरवशाचे. योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात. घाबरून डॉक्टर किंवा औषध बदलू नका, आणि बरे वाटले म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका.

तुमच्या घरी आता काय करायचे

पाश्चर यांच्या मुलींच्या वेळी नव्हते ते सगळे आज तुमच्या हातात आहे.

*पाणी आणि अन्न.* पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. मुलाची पाण्याची बाटली रोज साबण आणि ब्रशने घासून वाळवा. दुसऱ्याच्या बाटलीला तोंड लावायचे नाही, हे शिकवा. सुटे दूध उकळूनच द्या. पावसाळ्यात शाळेबाहेरचा बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळे आणि पाणीपुरी टाळा. टायफॉइड, कावीळ आणि जुलाब या तिन्हींची वाट ही एकच आहे.

*लस.* गोवर, डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात यांच्या लशी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पाचव्या-सहाव्या वर्षीचा आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीचा डोस पुष्कळ घरांत राहून जातो. लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहा. टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस एका डोसमध्ये देता येते आणि बालरोगतज्ज्ञ ती सहा महिन्यांनंतर सुचवतात. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मोहीम घेऊन एक लाखाहून जास्त मुलांना ही लस दिली. फ्लू, कांजिण्या आणि काविळीच्या लशींबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा. मुलाला दमा असेल तर फ्लूची लस विशेष महत्त्वाची.

*डास.* डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा. कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, पिंपे रिकामी करून घासा. मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

*आजारी मुलाला घरी ठेवा.* सकाळी तापाचे औषध देऊन शाळेत पाठवलेले मूल दुपारपर्यंत तापाने फणफणते, आणि तोवर बाकावरच्या दोघांना लागण देऊन झालेली असते. चाचणी परीक्षा किंवा पूर्ण हजेरीचे बक्षीस यासाठी हे करू नका. साधारण नियम असे :

- ताप, फ्लू : औषध न देता २४ तास ताप नसेल तेव्हाच शाळा.
- जुलाब, उलट्या : थांबल्यानंतर दोन दिवस घरी.
- कांजिण्या : सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत.
- गोवर : पुरळ आल्यापासून चार दिवस.
- गालगुंड : सूज आल्यापासून पाच दिवस.
- कावीळ : डोळे पिवळे दिसल्यापासून किमान एक आठवडा, पुढे डॉक्टर सांगतील तसे.
- डोळे आलेले असतील तर पाणी आणि चिपडे येणे थांबेपर्यंत. रुमाल-टॉवेल वेगळा.
- टायफॉइड : डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

डॉक्टरांकडे कधी जायचे

ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नका, आणि डेंग्यूची शक्यता असेल तर आयब्युप्रोफेनही नको. जुलाब असतील तर पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस म्हणजे जलसंजीवनी सुरू करा.

पुढीलपैकी काहीही दिसले तर थांबू नका : तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, धाप लागणे, मूल सुस्त होणे किंवा ओळख न देणे, सहा ते आठ तास लघवी न होणे, शौचात रक्त, पोटात सतत जोराची कळ, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, मान ताठ होणे, झटका येणे. डेंग्यूमध्ये ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस जास्त जपावे लागते, हे विशेष लक्षात ठेवा.

टायफॉइडची वाट जगाला कळेपर्यंत झान आणि सेसिल गेल्या होत्या. तुम्हाला ती वाट आधीच माहीत आहे. उद्या सकाळी मुलाची बाटली भरण्याआधी घासून घ्या, डब्याबरोबर साबण द्या, आणि संध्याकाळी लसीकरणाचे कार्ड शोधा. सुरुवात एवढ्याने होते.